आधी उतरवा, मग ऐका

कारवारहून कद्रा मागे टाकून अणशीचा घाट चढलं की जोयड्याच्या वाटेवर कुंभारवाडा लागतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा जोयडा तालुका म्हणजे काळी नदीचं वरचं खोरं. सभोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आणि एकमेकींपासून लांब लांब वसलेल्या वाड्या. कानावर कुणब्यांची कोकणी पडते, मराठी पडते, कन्नडही पडते. इथल्या मुलांना बारावीनंतर पुढे शिकायचं तर जोयडा, दांडेली किंवा कारवार गाठावं लागतं. पदवी बहुधा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. म्हणजे कॉलेज लांब, विद्यापीठ त्याहून लांब, आणि मधे घाट.

२०२० साली कॉलेजं बंद झाली, वर्ग मोबाइलवर आले आणि हे अंतर एकदम उघडं पडलं. पश्चिम घाटात मुलं रेंज शोधत टेकड्यांवर चढू लागली. सिंधुदुर्गात तर एका विद्यार्थिनीला भावांनी डोंगरावर झोपडी उभारून दिली, कारण रेंज तिथेच होती. त्या बातम्या कौतुकाने छापल्या गेल्या. पण डोंगरावर चढून शिकावं लागणं ही कौतुकाची गोष्ट कशी, हे विचारायचं बहुतेकांच्या मनात आलं नाही.

रेंज घाटात का अडते, याचं कारण लहरींच्या लांबीत आहे. आकाशवाणी धारवाडचं मध्यम लहरीवरचं केंद्र ७६५ किलोहर्ट्झवर चालतं; त्या लहरीची लांबी साधारण ३९२ मीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून पुढे सरकते, टेकडीच्या कडेवरून वाकते, पलीकडच्या दरीतही पोहोचते. फोर-जी मोबाइलची १८०० मेगाहर्ट्झची लहर मात्र जेमतेम १७ सेंटिमीटरची. तिच्या वाटेत डोंगर आला की मागे सावली पडते. त्यात पावसाळ्यात भिजलेली दाट पानं तिची बरीच ऊर्जा शोषून घेतात. टॉवर वाढवणं हा उपाय आहेच. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २४,६८० दुर्गम गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पण टॉवर उभा राहिला तरी डोंगराची सावली पूर्ण जात नाही, आणि शिकवणं टॉवरची वाट बघत थांबू शकत नाही.

खरी चूक झाली ती वर्ग ‘लाइव्ह’च हवा या आग्रहात. दहा वाजताचा तास दहा वाजताच, सगळ्यांनी एकाच वेळी कॅमेऱ्यासमोर बसायचं, ही वर्गखोलीची सवय जशीच्या तशी मोबाइलवर आणली गेली. आता हिशेब पाहा. मध्यम प्रतीच्या व्हिडिओला सेकंदाला ५०० किलोबिट लागतात असं धरलं, तर ४५ मिनिटांच्या तासाला सुमारे १७० एमबी डेटा जातो, तोही अखंड मिळाला तर. तेवढाच वेळ नुसता आवाज ३२ किलोबिटने साठवला तर ११ एमबीही लागत नाहीत. ‘ओपस’ नावाचं ध्वनिसंक्षेपाचं तंत्र २०१२ पासून मानक म्हणून मान्य आहे. ते वापरून २४ किलोबिटला बोलणं स्वच्छ ऐकू येतं, आणि दहा मिनिटांचा पाठ दोन एमबीच्या आत बसतो. एवढा पाठ बाजाराच्या दिवशी जोयड्याच्या स्टँडवर बसची वाट बघताना सहज उतरवून घेता येतो. ऐकायचा मग घरी, रेंज असो वा नसो.

गंमत अशी की पॉडकास्टची कल्पना निघाली तीच मुळी मंद इंटरनेटवर तोड म्हणून. ऑक्टोबर २००० मध्ये न्यू यॉर्कमध्ये ॲडम करी या प्रसारकाने डेव्ह वाइनर या प्रोग्रामरसमोर एक गाऱ्हाणं मांडलं. ध्वनी-चित्रफितीवर क्लिक केलं की नुसतं ताटकळत बसावं लागतं. मग ती फाइल रात्री, आपण झोपेत असताना, संगणकाने आपणहून उतरवून का ठेवू नये? वाइनरने त्याच डिसेंबरात आरएसएस या यंत्रणेत फाइल जोडण्याची सोय केली. नवा भाग आला की यंत्र तो गुपचूप आणून ठेवतं, ऐकणारा सवडीने ऐकतो. ‘पॉडकास्टिंग’ हे नाव २००४ साली ‘गार्डियन’मधल्या एका लेखात आलं. आज फाइव्ह-जीच्या शहरात या सोयीचं मोल कळत नाही. कुंभारवाड्यात कळेल.

विद्यापीठांनीही लगेच हात घातला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने ऑगस्ट २००४ मध्ये पहिल्या वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना २० जीबीचे आयपॉड वाटले. २००९ साली न्यू यॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया इथल्या डॅनी मॅककिनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. अर्ध्या विद्यार्थ्यांनी व्याख्यान वर्गात ऐकलं, अर्ध्यांनी त्याचं पॉडकास्ट घेतलं. परीक्षेत वर्गवाल्यांची सरासरी ६२ आली, पॉडकास्टवाल्यांची ७१. पण यावरून प्राध्यापकांना रजा देण्याची घाई नको. प्रयोग एकाच व्याख्यानाचा होता, आणि पॉडकास्टवाल्यांना पाठ मागे नेऊन पुन्हा ऐकायची मुभा होती. फायदा ठळक दिसला तो ऐकताना टिपणं काढणाऱ्यांना. नुसतं कानात घालून फिरणारे वर्गवाल्यांच्या फार पुढे गेले नाहीत.

आकृतीचं काय, हा प्रश्न कोणताही शिक्षक पहिल्यांदा विचारतो, आणि बरोबरच विचारतो. पेशीविभाजन किंवा मागणी-पुरवठ्याचा आलेख तोंडाने किती सांगणार? ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली ती बीबीसीच्या प्रसारणांसह. पुढे तिथे लक्षात आलं की ठरावीक वेळच्या प्रसारणापेक्षा घरपोच आलेली कॅसेट विद्यार्थ्यांच्या जास्त कामी येते. तीत थांबता येतं, मागे जाता येतं. गणिताच्या शिक्षकांनी मग कॅसेटसोबत छापील चौकटी दिल्या. आवाज सांगतो, ‘आता तिसरी चौकट बघा, रिकाम्या जागी पुढची पायरी लिहा आणि टेप बंद करा.’ डोळे कागदावर, कान टेपवर, हातात पेन्सिल. आज टेपच्या जागी दोन एमबीची फाइल, चौकटींच्या जागी दोन पानांची झेरॉक्स. एवढा बदल केला की तंत्र जसंच्या तसं वापरता येतं.

याहून जवळचं आणि जास्त शिकण्यासारखं उदाहरण मुंबईत पवईला आहे. आयआयटी मुंबईतले रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो. एकेक पाठ सुमारे दहा मिनिटांचा. पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसतं आणि मागून आवाज पायरी-पायरीने सांगत जातो. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका अर्ध्या भागात पाठ लावायचा आणि दुसऱ्या अर्ध्यात तेच करून बघायचं. पाठाची संहिता आधी लिहून काढतात आणि ध्वनिमुद्रणाआधी विषय न येणाऱ्या माणसाला वाचायला देतात. तो जिथे अडतो तिथे वाक्य बदलतं. जाणकाराला जी पायरी सांगायची गरज वाटत नाही, नेमकी तिथेच नवखा अडकतो, आणि हे त्या नवख्याशिवाय दुसरा कोणीही पकडू शकत नाही.

भाषेचा प्रश्नही त्यांनी शहाणपणाने सोडवला. मराठी, कन्नड आणि इतर भारतीय भाषांत बदलतो तो फक्त आवाज. पडद्यावरची बटणं, मेनू इंग्रजीतच राहतात, कारण उद्या नोकरीत तेच दिसणार. समजावणं आपल्या भाषेत, हात इंग्रजी मेनूवर. जोयड्यात घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि कॉलेजात तिसरी वाट्याला येणाऱ्या मुलाला ही तोड लगेच पटेल. शिवाय हे पाठ सीडीवर उतरवून इंटरनेटशिवाय चालवायची सोय पहिल्यापासून ठेवलेली. इंटरनेट नाही हे गृहीत धरून आखलेली शैक्षणिक साधनं आपल्याकडे फार थोडी आहेत. हे त्यांतलं एक.

पाठ छोटा ठेवून मधे विद्यार्थ्याला प्रश्न का विचारावा, याला आधार आहे. २०१३ मध्ये हार्वर्डच्या कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं ध्वनिचित्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांची छोटी चाचणी घेतली, त्यांचं मन कमी भरकटलं आणि टिपणं जास्त निघाली. चाचणी गुणांसाठी नव्हतीच. विद्यार्थ्याला स्वतःशी आठवायला भाग पाडणं एवढंच तिचं काम. आयआयटी मुंबईच्या साहना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांचा जो साचा बसवला, त्यातही चित्रफीत मधेच थांबवून विद्यार्थ्याला विचार करायला लावणाऱ्या जागा मुद्दाम पेरलेल्या असतात. तासाभराचं भाषण रेकॉर्ड करून चढवणं सोपं असतं म्हणून सगळीकडे तेच होतं. मग ऐकतं कोण, हे कोणी पाहत नाही.

पाठ तयार करायला स्टुडिओ लागत नाही. साधा मोबाइल, तोंडापासून वीतभर अंतर, पंखा बंद. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या-चादरींच्या खोलीत घुमत नाही, कारण कापूस ध्वनी शोषतो. जोयड्याच्या पावसाळ्यात मात्र कौलांवरचा मारा कुठल्याच चादरीने थांबत नाही. तिथल्या शिक्षकाने ध्वनिमुद्रण दिवाळीनंतर उरकून ठेवावं हे बरं.

ड्यूकच्या आयपॉडांची एक गोष्ट राहिली. पहिल्या वर्षाचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की अभ्यासात विद्यार्थ्यांनी ते यंत्र सर्वांत जास्त वापरलं ते आवाज नोंदवायला: मुलाखती, क्षेत्रभेटीतल्या नोंदी, परक्या भाषेचे उच्चार. ऐकण्याचं यंत्र त्यांनी बोलण्याचं केलं. जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो. कुणबी बायका तिथे मुडलीसारखे कंद मांडून बसतात. कुठला कंद कधी खणायचा, कुठला पुरता शिजवला नाही तर घशाला खाजतो, बियाणं कसं राखायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं. वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याने त्यांची परवानगी घेऊन अशी दहा मिनिटं नोंदवली, शास्त्रीय नाव आणि कुळ जोडलं, आणि ती फाइल वर्गातल्या बाकीच्यांना पाठवली, तर तो त्याचा प्रकल्प होऊ शकतो. फोनमधलं रेकॉर्डर विमान-मोडवरही चालतं.