शार्ङ्गधराची नऊ झाडे

श्रावणात कुंडीतला पुदिना नुसता माजतो. गवती चहा, तुळस, ओवा, कढीपत्ता यांचेही तेच. हा हिरवा ऐवज टिकवायचा कसा, या एका प्रश्नाने मला फार दिवस धरून ठेवले आहे. फ्रीज आणि हवाबंद डबे यांच्यावर भरपूर लिहून झाले आहे. मला ओढ लागली ती आपल्या जुन्या ग्रंथांतल्या साठवणीची.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधींच्या कोठीचे वर्णन आहे. पाने आणि कोवळ्या फांद्या पावसाळ्यात किंवा वसंतात घ्याव्यात. कोठीचे दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. आग, पाणी, ओल, धूर, धूळ, उंदीर, गुरे यांपैकी कशाचाही तिथे शिरकाव नसावा. भांडी नीट झाकून शिंक्याला टांगावीत. कोकणातल्या ज्या माजघरात अजून शिंके आहे, तिथे ही कोठी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

खरा खजिना मात्र शार्ङ्गधरसंहितेत आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती आढमल्ल आणि काशीराम यांच्या टीकांसह छापली. तिच्या पहिल्याच अध्यायात औषधांच्या आयुष्याचा हिशेब दिला आहे. वाळवलेली वनस्पती आहे त्या रूपात वर्षभर गुण धरते. तिचे चूर्ण केले की दोन महिन्यांत जोर उतरतो. गोळ्या आणि अवलेह पुन्हा वर्षभर टिकतात, तर आसव जुने होईल तितके चांगले. म्हणजे वनस्पती तीच असली, तरी तिला कोणत्या रूपात ठेवले यावर तिचे आयुष्य ठरते.

त्याच अध्यायात ग्रंथकर्ता शार्ङ्गधर म्हणतो की ओली वनस्पती वापरायची तर वाळलेलीच्या दुप्पट घ्यावी, कारण उघड आहे, तिच्यात पाणी असते. पण नऊ झाडे या नियमाबाहेर ठेवली आहेत: गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा, कोरांटी, शतपुष्पा आणि प्रसारणी. ही नेहमी ओलीच वापरावीत आणि दुप्पटही करू नयेत. या यादीशी मी पुन्हा पुन्हा अडखळते. अश्वगंधा आणि शतावरी आज दुकानोदुकानी मिळतात त्या वाळवून, दळून, डबाबंद. शतपुष्पा म्हणजे आपली बाळंतशेप धरली, तर तिचे वाळलेले बी बाळंतिणीच्या घरी बरणीत असतेच. माझे मत असे की इथे शेपूचे हिरवे झाड अभिप्रेत असावे. शेपूची भाजी वाळवून पाहिलेल्या कोणालाही हे पटेल. रंग राहतो, वास निघून जातो.

चूर्णाचा नियम मात्र स्वयंपाकघरात तंतोतंत लागू पडतो. पुदिन्याचे पान भिंगाखाली धरले तर त्यावर बारीक चकचकीत ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी असतात. पान अख्खे असेपर्यंत तेल त्यांत कोंडलेले राहते. चुरले की ग्रंथी फुटतात, तेल हवेत उडून जाते आणि उरलेल्याला हवा लागते. म्हणून पुदिना, ओवा, तुळस, गवती चहा सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवावा, पाने अख्खीच काचेच्या बरणीत भरावीत आणि ती बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवावी. चुरायचे ते पातेल्यावर, ऐन वेळी. पानात ओल राहिली तर बुरशी येते, त्यामुळे भर पावसात वाळवण्याचा हट्ट नको.

कोथिंबिरीची गोष्ट वेगळी. तिचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती वाळवताना जवळजवळ निघूनच जातात. तिला शेपूच्या पंगतीत बसवावे. चिरून, थोड्या पाण्यासह बर्फाच्या साच्यात गोठवावी. वितळल्यावर ती मलूल होते, वरून पेरायला चालत नाही, पण आमटीत तिचा वास येतो.

तेलात ओली पाने किंवा लसूण बुडवून ओट्यावर ठेवण्याची टूम मात्र धोक्याची आहे. मातीतून येणाऱ्या बोट्युलिझमच्या जंतूला हवा नसलेली, आंबट नसलेली, ओलसर जागा लागते, आणि तेलाखाली त्याला नेमकी तीच मिळते. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणाने 36 जणांना ही विषबाधा झाली. वासाने किंवा रंगाने हे विष ओळखू येत नाही. आपल्या लोणच्याला मीठ आणि लिंबाचा किंवा कैरीचा आंबटपणा राखतो, नुसत्या तेलात तो नसतो.

तेव्हा यंदा पुदिना वाळवाल तर कृपा करून त्याची पूड करून ठेवू नका. आणि अडुळसा, गुळवेल दारात लावायला जागा असेल तर जरूर लावा. ती ताजीच हवीत, असे शार्ङ्गधर सांगून गेला आहे.