घरबसल्या घडवलेली भुतं

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात राहणारा स्कॉट कॉथन बरीच वर्षं एकट्यानं व्हिडिओ गेम बनवत होता. त्यातले काही मुलांसाठी, काही ख्रिस्ती धर्मकथांवर आधारलेले. नाव झालं नाही आणि पैसाही बेताचाच मिळाला. २०१३ मध्ये त्यानं बीव्हर या प्राण्याच्या कुटुंबाची लाकडाची वखार दाखवणारा एक साधासुधा गेम काढला. त्यावर टीका झाली ती भलत्याच कारणानं. यातली पात्रं यांत्रिक बाहुल्यांसारखी हलतात, त्यांच्याकडे बघून अंगावर काटा येतो, असं लोक म्हणू लागले. कॉथन फार खट्टू झाला. मग त्याच्या मनात आलं की, नकळत केलेल्या कामानं माणसं इतकी घाबरत असतील, तर मुद्दाम घाबरवायलाच बसलो तर? ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचा ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’ आला आणि थोड्याच दिवसांत तो मोबाइलवरही खेळता येऊ लागला.

या गेममध्ये खेळणारा असतो एका पिझ्झाच्या दुकानाचा रात्रपाळीचा पहारेकरी. मुलांच्या करमणुकीसाठी बनवलेल्या अस्वल, ससा, कोंबडी आणि कोल्हा यांच्या यांत्रिक बाहुल्या रात्री आपापल्या जागा सोडून हिंडू लागतात. पहारेकऱ्याला खुर्चीतून उठता येत नाही. कॅमेऱ्यातून पाहायचं, दारापाशी दिवा लावायचा आणि वेळ आलीच तर दार बंद करायचं, एवढंच त्याच्या हाती. त्यातही वीज मोजकी. दार बंद ठेवलं, दिवा लावला, कॅमेरा उघडला की ती भराभर संपते. मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ही पाळी प्रत्यक्षात जेमतेम नऊ मिनिटांची, पण ती नऊ मिनिटं संपता संपत नाहीत.

हा खेळ आतून किती सोपा आहे, हे कळल्यावर नवल वाटतं. प्रत्येक बाहुलीला शून्य ते वीस यांपैकी एक पातळी दिलेली असते. ससा आणि कोंबडी यांच्यासाठी साधारण दर पाच सेकंदांनी संगणक एक ते वीसमधला कुठलाही एक आकडा काढतो. आकडा पातळीइतका किंवा त्याहून कमी आला, तर बाहुली पुढच्या खोलीत सरकते. नाही तर जागीच थांबते. बाहुल्यांची चित्रंही बहुतांशी आधीच तयार करून ठेवलेली, स्थिर. चालणारी बाहुली कॅमेऱ्यात सहसा दिसतच नाही. मघाशी ती रंगमंचावर होती आणि आता नाही, एवढंच कळतं. मधलं सगळं खेळणारा मनानं भरून काढतो.

हौशी माणसाला भयाचा खेळ इतका मानवतो, त्याचं कारण इथे सापडतं. युद्धाचा किंवा क्रिकेटचा गेम करायचा तर शेकडो हालचाली, भव्य मैदानं, गर्दी, असं सगळं दाखवावं लागतं आणि त्याला मोठी कंपनी लागते. भयाचं काम मात्र न दाखवण्यावर चालतं. अंधार, एक बंद दार आणि पलीकडून येणारा आवाज एवढी सामग्री एकट्या माणसालाही जमवता येते.

जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी हे फार पूर्वीच ओळखलं होतं. १९८२ साली अटारी २६०० या घरगुती यंत्रासाठी ‘हाँटेड हाऊस’ नावाचा गेम निघाला. या यंत्राची काम करण्याची स्मृती होती अवघी १२८ बाइट. तेवढ्यात माणसाची आकृती, पडका वाडा, वटवाघळं आणि भूत हे सारं तपशिलात रेखाटणं कठीणच. गेम बनवणाऱ्यानं माणूस काढलाच नाही. काळ्या पडद्यावर फक्त दोन डोळे ठेवले. काडी ओढली की आसपासचा थोडासा भाग उजळतो, वारा आला की काडी विझते. जमवायचे आहेत एका फुटलेल्या कलशाचे तुकडे. चाळीस वर्षांनंतरही ते दोन डोळे पाहिले की कल्पना कळते, कुणी समजावून सांगावी लागत नाही.

१९९९ मधल्या ‘सायलेंट हिल’ या गेमची गोष्टही अशीच. पहिल्या प्लेस्टेशनला लांबवरचे रस्ते आणि घरं एकदम रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून कोनामी कंपनीच्या चमूनं साऱ्या गावावर धुकं पसरवलं. धुक्यातून काय पुढे येईल याचा नेम नाही, म्हणून खेळणाऱ्याचा जीव टांगणीला. पुढे अधिक ताकदीच्या यंत्रावर दुसरा भाग आला तेव्हाही धुकं ठेवलं गेलं. तोवर ते त्या गावाचं रूपच होऊन बसलं होतं.

आजचे हौशी विकसक या उणिवा मुद्दाम परत आणतात. पहिल्या प्लेस्टेशनवर आकृतींचे कोपरे पूर्णांकांतच मोजले जात, त्यामुळे पात्र हललं की त्याच्या कडा थरथरत. भिंतीवरचं चित्र अंतराचा हिशेब न करता चिकटवलं जाई, त्यामुळे जवळ गेलं की विटा वाकड्या होत. तेव्हा हे दोष मानले जात. आता जगभरची मंडळी आधुनिक संगणकावर खास प्रोग्रॅम लिहून तीच थरथर आणि तोच वाकडेपणा तयार करतात. २०२० मध्ये अशा अनेक हौशींनी आपापल्या छोट्या भयखेळांचा ‘हाँटेड पीएस१ डेमो डिस्क’ हा संग्रह एकत्र येऊन फुकट वाटला.

एअरडॉर्फ या नावानं काम करणारा अमेरिकन विकसक त्याहूनही मागे गेला. त्याच्या ‘फेथ’ या गेमचा पहिला भाग २०१७ मध्ये आला, तर तिन्ही भाग मिळून २०२२ मध्ये. गोष्ट १९८७ सालची. एक पाद्री भूतबाधा उतरवण्याचा फसलेला विधी पुरा करण्यासाठी पुन्हा त्याच घरात जातो. पाद्री म्हणजे निळसर ठिपक्यांची मूठभर आकृती आणि त्याचं शस्त्र एकच, क्रूस. त्यात बोलणारा आवाज माणसाचा नाही. १९८२ सालच्या ‘सॅम’ या बोलत्या प्रोग्रॅमकडून तो काढून घेतला आहे. घोगरा, तुटक, अर्धे शब्द गिळणारा हा आवाज काय म्हणतोय हे नीट कळत नाही, म्हणून ऐकणारा कान अधिकच टवकारतो.

मोबाइलवर अशा खेळांना घरोघर पोचवलं ते ‘ग्रॅनी’सारख्या गेमनी. डीव्हीलोपर या नावानं गेम बनवणाऱ्या स्वीडिश विकसकाचा हा गेम २०१७ चा. एका घरात कोंडलेल्या माणसाला पाच दिवसांत सुटका करून घ्यायची आहे. हातातली वस्तू खाली पडली किंवा जुनी फळी करकरली, की म्हातारी आवाजाच्या रोखानं येते. इथेही नियम एकच : आवाज करायचा नाही.

मोबाइलवर जिथून हे गेम घेतले जातात, त्याच अ‍ॅपच्या दुकानात ‘भूत शोधणारी’ अ‍ॅपही मिळतात, आणि त्यांच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. यांतली कित्येक अ‍ॅप फोनमधल्या होकायंत्राच्या चुंबकीय सेन्सरचा आकडा दाखवतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. फोन लोखंडी कपाटाजवळ किंवा स्पीकरजवळ नेला की आकडा उसळतो आणि पडद्यावर लाल दिवा लागतो. करमणूक म्हणून यात गंमत आहे, आणि प्रामाणिक विकसक तसं लिहूनही ठेवतो. पण खरंच भूत सापडतं असा दावा करून पैसे मागणं ही सरळ फसवणूक आहे.

आता साधनांची गोष्ट. गोडॉट हे गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आणि मुक्त आहे. गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या यंत्रासाठी गेम करायचा तर ‘जीबी स्टुडिओ’ही फुकट मिळतो आणि त्यात प्रोग्रॅमिंग न शिकताही सुरुवात करता येते. पिको-८ या फक्त प्रोग्रॅमच्या रूपात असलेल्या काल्पनिक यंत्रात १२८ बाय १२८ ठिपके आणि सोळा रंग एवढंच मिळतं. ही चौकट नवख्याच्या फायद्याचीच, कारण अवाढव्य काही करायचा मोह होत नाही आणि हातात घेतलेला गेम पुरा होतो.

खरी दमछाक गेम तयार झाल्यावर होते. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, अ‍ॅपलला दर वर्षी ९९. नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडणाऱ्यानं अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी ते ठरावीक माणसांकडून सलग चौदा दिवस तपासून घ्यावं, असा गूगलचा नियम आहे. आधी वीस जण लागत, आता बारा पुरतात. शिवाय फोनची प्रणाली बदलली की जुनी अ‍ॅप मागे पडतात. २०१७ मध्ये आयओएस ११ आली तेव्हा ३२ बिटची सारी अ‍ॅप आयफोनवर चालेनाशी झाली आणि ज्यांना ती नव्यानं बांधायला सवड नव्हती, त्या हौशींचं काम तिथेच थांबलं.

मराठी मुलांनी या वाटेला जावं, याला सबळ कारण आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा-गूढकथांवर इथल्या कित्येक पिढ्या पोसल्या. पिंपळावरचा मुंजा, हडळ, झोटिंग यांच्या गोष्टी घराघरांत आहेत. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. रात्री कुणाची चाहूल लागली, ती राखणदाराची की आणखी कुणाची, हे पावलांच्या आवाजावरून ओळखायचं, एवढ्यावर एक सुंदर गेम उभा राहील.

अडचण एक आहे, ती लिपीची. गेम बॉयच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात रोमन अक्षर सहज मावतं, देवनागरी मावत नाही. शिरोरेघ, वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, मध्येच जोडाक्षर. मजकूर चित्र म्हणून काढावा लागतो किंवा चौकोन मोठा घ्यावा लागतो. गोडॉटच्या २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत मात्र जोडाक्षरं नीट जुळतात, त्यामुळे मोबाइलवर मराठी गेम करायला ही सबब उरलेली नाही.

ज्याला हे करून पाहायचंय, त्यानं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट नीट ऐकून लिहून काढावी. पहिल्या गेममध्ये एकच वाडा, एकच खोली, एकच दार ठेवावं. भूत शक्यतो दाखवू नये. गेम पूर्ण करावा आणि तपासायला बारा ओळखीचे लोक आजच धरून ठेवावेत.