पीकविम्याचा एक रुपया गेला, पण कात्री लागली दुसरीकडेच

लोणार तालुक्यात कोणत्याही पारावर बसा, पाऊस आणि सोयाबीनचा भाव हे दोन विषय संपले की तिसरा निघतोच : पीकविमा. "एका रुपयात होता तोच बरा होता," असे एक जण म्हणतो. दुसरा त्याला तिथेच अडवतो, "अन् देवस्थानच्या जमिनीवर लोकायनं विमे काढले ते सांग ना!" दोघांचेही खरे आहे. म्हणूनच हा विषय जरा नीट मांडावा असे वाटते.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य शासनाने जाहीर केले की शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरावा, त्याच्या हिश्श्याचा बाकी हप्ता सरकार भरेल. अर्ज भराभर वाढले, त्यात बोगसही शिरले. शासकीय जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, पीकच नाही अशा ठिकाणी विमे निघाले. तिजोरीवर भार वाढत गेला. शेवटी एप्रिल २०२५ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने एक रुपयाची सवलत बंद केली. खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता, ही जुनी पद्धत परत आली. वाचणारा पैसा शेतीतच भांडवली गुंतवणूक म्हणून घालू, वर्षाला ५ हजार कोटी रुपये देऊ, असे सांगण्यात आले. त्याच खरिपात विम्याचे अर्ज निम्म्याच्या आसपास आले.

चर्चा मात्र त्या एका रुपयाभोवतीच फिरत राहिली. आमच्या मते खरी कपात तिथे नाहीच. समजा हेक्टरी ५० हजारांचे संरक्षण आहे. २ टक्क्यांप्रमाणे १ हजार रुपये होतात, म्हणजे एकरी ४००. एका फवारणीच्या औषधाला याहून जास्त जातात. एवढे पैसे कास्तकार भरेल, कुरकुर करील पण भरेल. कात्री लागली ती भरपाईच्या वाटांवर. पूर्वी पेरणीच झाली नाही, हंगामाच्या मध्येच पावसाने दगा दिला, एखाद्याच्या शेतात पाणी शिरले किंवा कापून ठेवलेले पीक भिजले, तर या चारही वेळी विमा मिळण्याची सोय होती. २०२५ च्या खरिपात राज्याने ही चारही कलमे काढली आणि फक्त पीक कापणी प्रयोगाचे उत्पन्न ठेवले.

याचा अर्थ काय, तो हिशोब करून पाहू. मंडळात निवडलेल्या शेतांत सोयाबीनचा १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखतात, कापतात, मळतात, वजन करतात. त्यावरून मंडळाची सरासरी निघते. ती उंबरठा उत्पन्नापेक्षा जेवढी कमी, तेवढी टक्के भरपाई. उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि सरासरी ७ आली तर ३० टक्के, म्हणजे ५० हजारांवर १५ हजार. सगळ्यांना सारखे. पण सरासरी १० च्या वर राहिली आणि नाल्याकाठच्या दहा जणांचे पीक मातीसकट वाहून गेले, तर त्या दहा जणांना एक पैसाही नाही. आपल्याकडे सुलतानपूर घ्या की बिबी, हिरडव घ्या की टिटवी, एकाच शिवारात वर मुरमाड माळ आणि खाली चिबडणारी काळी जमीन. पाऊस तर बांध पाहून पडतो म्हणतात. अशा भागात निव्वळ सरासरीवर विमा म्हणजे "सरासरी गुडघाभर पाणी" पाहून नदीत उतरण्यासारखे आहे.

मग पर्याय काय? सरकार म्हणते, नुकसान झाल्यावर पैसे देण्यापेक्षा नुकसान टाळण्यावर खर्च करू. विचार चांगला आहे. रुंद सरी-वरंब्यावर पेरलेले सोयाबीन जास्त पावसात चिबडत नाही आणि खंड पडला तर तग धरते, हे बांधावर पाहिलेले आहे. पण अनुदानाची रीत अशी की आधी खरेदी करा, बिल जोडा, मग पैसे खात्यात. दोन एकरवाल्याने आधीचे पैसे आणायचे कोठून? विम्याचा पैसा लहानाकडेही जात होता, यंत्राचा पैसा ज्याच्याकडे आधीच चार पैसे आहेत त्याच्याकडे आधी जातो.

पारावर दुसरा पर्याय ठरलेला : "लाडक्या बहिणीचे बंद करा." या योजनेला २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद होती, म्हणून बोट तिकडे जाते. पण ते १५०० रुपये येतात त्याच कास्तकाराच्या घरात, सोयाबीन विकायच्या आधी किराणा त्यातूनच भरतो. बायकोचे काढून नवऱ्याला द्या, हा काय हिशोब झाला?

महाराष्ट्राने यापेक्षा वेगळी वाट एकदा काढली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा हवा होता. तेव्हा दुसरी योजना कापली नाही, १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. तो कर आजही माझ्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो. कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये, ती १९८८ पासून राज्यघटनेतच ठरलेली आहे. तेव्हापासून पगार कुठे गेले आणि कर कुठे राहिला! ही मर्यादा वाढवण्याची मागणी का होऊ नये?

आणि बोगसगिरीचे म्हणाल तर तिच्यावर औषध २०२५ मध्येच आले. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी विम्याला सक्तीची झाली. चोराला कुलूप लावल्यावर घरधन्याची भाकरी कशाला कापायची? निदान स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ही दोन कलमे परत यावीत. २०२५ च्या पावसाने राज्यभर दाणादाण उडाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. विम्यात वाचवलेले त्यापुढे किती, हे कोणीतरी एकदा सभागृहात मांडावे.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान २०२६ च्या खरिपापासून विम्यात घेण्याचे जाहीर केले. रोही आणि रानडुकरांनी बेजार झालेल्यांसाठी ही कामाची गोष्ट आहे. पण त्याची तक्रार ७२ तासांच्या आत, फोटोसह मोबाईलवरील अॅपवर करायची आहे, आणि त्याआधी सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. ज्यांची ई-पीक पाहणी राहते त्यांनी पोराला शेतात घेऊन जावे, मोबाईल त्यालाच जमतो.