स्लाइड रूलनें बेरीज करितां येते काय?

१९७२ सालीं खिशांत मावणारें एचपी-३५ हें गणकयंत्र बाजारांत आलें, आणि थोड्याच वर्षांत इंजिनिअरांच्या हातांतील स्लाइड रूल कपाटांत जाऊन पडली. तरी तिजविषयींचा एक प्रश्न आम्हांस अद्याप विचारण्याजोगा वाटतो. जी पट्टी क्षणांत गुणाकार व भागाकार करिते, तिला साधी बेरीज कां येऊं नये?

खरें पाहतां ही पट्टी बेरजेवांचून दुसरें कांहींच करीत नाहीं. जॉन नेपिअर यानें १६१४ सालीं लॉगरिथमचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, व त्यायोगें गुणाकाराचें काम बेरजेवर आलें. एडमंड गंटर यानें १६२० च्या सुमारास त्याच प्रमाणांत पट्टीवर खुणा आंखल्या, आणि विल्यम ऑट्रेड यानें तशा दोन पट्ट्या शेजारीं ठेवून सरकविण्याची युक्ति काढिली. २५ सेंटिमीटरच्या पट्टीवर १ पासून २ हा अंक सुमारें ७·५ सेंटिमीटरांवर असतो, व ३ हा सुमारें १२ वर. हीं अंतरें एकापुढें एक ठेविलीं कीं १९·५ होतात, आणि तेथें नेमका ६ हा अंक येतो. बेरीज झाली ती लांबीची. संख्यांचा मात्र गुणाकार झाला.

मग संख्यांची बेरीज हवी असल्यास काय करावें? वाट आहे, पण वळणाची. एका संख्येस दुसरीनें भागावें, भागाकारांत १ मिळवावा, आणि येईल त्यास पुन्हा त्याच भाजकानें गुणावें. ३६ आणि २४ घेऊं. सरकत्या पट्टीवरील १ हा खालच्या स्थिर पट्टीवरील २४ वर आणावा. कांचेवरील बारीक रेषा खालच्या ३६ वर न्यावी. वर १·५ दिसेल. त्यांत १ मिळवून रेषा वरच्या २·५ वर न्यावी; खालीं ६० मिळतील. परंतु तो मधला १ कोणीं मिळविला? पट्टीनें नव्हे, आपणच. म्हणजे बेरीज शेवटीं मनुष्याच्याच माथीं राहिली!

शिवाय अशा पट्टीवर साधारणतः तीनच अंक भरंवशानें वाचतां येतात. ४७८६ मध्यें ३ मिळवूं गेल्यास ते ३ रेषेच्या जाडींतच हरवतात. पूल बांधणाराच्या गुणाकारांत एवढा फरक खपतो. वाण्याच्या वहींत खपत नाहीं.

उलट सारख्या खुणांच्या दोन साध्या फूटपट्ट्या घ्या. एकीचें शून्य दुसरीच्या ४ शीं जुळवा. पहिलीच्या ३ समोर ७ येतील. तेव्हां गुण सरकण्यांत नाहीं, खुणांच्या मांडणींत आहे. खुणा समान असल्या तर बेरीज, लॉगरिथमच्या प्रमाणांत असल्या तर गुणाकार.

आज बटण दाबतांच उत्तर आयतें मिळतें. स्लाइड रूल वापरणारास दशांशचिन्हाची जागा स्वतःच ठरवावी लागे, म्हणून उत्तर अदमासें किती यावें याचा विचार तो आधींच करून ठेवी. साधन बदललें, तरी ही संवय विद्यार्थ्यांनीं सोडूं नये, असें आम्हांस वाटतें.