टायर, ओढवाहनांचे
(ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या बदली टायरांची निवड). स्वतःच्या वजनाखेरीज मागे जोडलेल्या ट्रॉलीचा भार ओढणाऱ्या वाहनाचे, तसेच त्या ट्रॉलीचे, झिजलेले टायर बदलताना करावयाचा विचार येथे दिला आहे. केवळ माणसे वा माल अंगावर वाहणाऱ्या वाहनापेक्षा ओढवाहनाच्या टायरांवरील भार वेगळ्या रीतीने विभागला जातो. त्यामुळे जुन्या टायराच्याच आकाराचा नवा टायर बसविला म्हणजे निवड योग्य झाली, असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप ऊस वाहतुकीत दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुका हा वारणा व पंचगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील दाट ऊस लागवडीचा प्रदेश असून हुपरी येथील जवाहर, गंगानगर (इचलकरंजी) येथील पंचगंगा आणि नरंदे येथील शरद हे सहकारी साखर कारखाने याच तालुक्यात उभारले गेले. गळीत हंगामात ओल्या काळ्या रानातून निघालेली ट्रॉली पाणंदीने सडकेवर येते आणि सांगली–कोल्हापूर रस्ता किंवा पुणे–बंगळूर महामार्ग ओलांडून कारखान्याच्या आवारात पोहोचते. एकाच खेपेत टायराला चिखल, उसाचे बुडखे, खडी व डांबर या सर्वांवरून जावे लागते. वाहतुकीचा मोबदला टनावर व अंतरावर ठरत असल्याने प्रत्येक खेपेत शक्य तितका ऊस रचण्याकडे कल असतो. बहुधा एका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या जोडल्या जातात.

लोखंडी धाव चढविलेल्या लाकडी चाकांच्या बैलगाडीतून ऊस नेण्याची पद्धत पूर्वी सार्वत्रिक होती. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेचा टायर व्यवहारात आणला. ट्रॅक्टराला असे टायर बसविण्यास अमेरिकेत १९३२ च्या सुमारास आरंभ झाला. भारतात डनलॉप कंपनीचा टायर कारखाना १९३६ मध्ये हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे सुरू झाला. हवेच्या टायरांच्या बैलगाडीला अनेक भागांत अजूनही ‘डनलॉप गाडी’ म्हणतात. कंपनीचे नाव गाडीला चिकटले ते कायमचे.

भार कोण पेलतो : टायरातील रबर व दोऱ्याचे थर हे मुख्यतः पिशवीचे काम करतात, भार पेलते ती आत कोंडलेली हवा. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रावर टेकतो ते क्षेत्र गुणिले हवेचा दाब हे गणित स्थूलमानाने त्यावरील भाराइतके येते. ट्रॉलीच्या टायरात दर चौ. सेंमी.ला ७ किग्रॅ. (सु. १०० पौंड) दाब असेल व त्यावर ३,००० किग्रॅ. भार असेल, तर जमिनीशी संपर्क सु. ४३० चौ. सेंमी., म्हणजे वहीच्या एका पानाएवढा असतो. दाब कमी असल्यास टायर अधिक चेपतो, प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू अधिक वाकते व त्या वाकण्याने उष्णता निर्माण होते. उष्णतेने रबर व दोरे यांची पकड सुटत जाते. फुटलेल्या टायराचे कारण दगडाला वा पंक्चरवाल्याला चिकटविण्याची रीत आहे. पुष्कळदा ते आधीच्या अनेक दिवसांच्या अपुऱ्या दाबात सापडते.

टायराच्या बाजूवर छापलेला भार निर्देशांक म्हणूनच नक्षीच्या खोलीपेक्षा महत्त्वाचा आहे. निर्देशांक १२० म्हणजे १,४०० किग्रॅ., १४० म्हणजे २,५०० किग्रॅ., १४४ म्हणजे २,८०० किग्रॅ. व १४६ म्हणजे ३,००० किग्रॅ. हा भार ठरावीक दाब व ठरावीक वेग यांनाच लागू असतो. वेग अक्षराने दाखवितात. ट्रॅक्टरांच्या टायरांवर पुष्कळदा ‘ए ८’ हे चिन्ह असते, त्याचा अर्थ ताशी ४० किमी. दोन निर्देशांक तिरप्या रेघेने छापलेले असल्यास पहिला एकेरी व दुसरा जोडचाकासाठी असतो. ‘१६ प्लाय’ यासारखा आकडा बळकटीची श्रेणी दाखवितो. आत तेवढे थर असतातच असे नाही.

ही माहिती उपयोगात आणण्यासाठी भार माहीत असावा लागतो, आणि ऊस वाहतूकदाराजवळ तो असतोच. प्रत्येक खेपेला मिळणाऱ्या काटा पावतीवर भरलेल्या व रिकाम्या वाहनाचे वजन नोंदलेले असते. हंगामातील सर्वांत जड खेपेची पावती हाच टायर निवडीचा खरा आरंभ होय. शक्य असल्यास केवळ ट्रॉलीचा आस काट्यावर उभा करून वेगळे वजन घ्यावे. समजा, एका आसाच्या ट्रॉलीचे उसासह वजन ७,००० किग्रॅ. असून त्यापैकी १५ टक्के, म्हणजे १,०५० किग्रॅ., ओढदांड्यावाटे ट्रॅक्टरावर येते. उरलेले ५,९५० किग्रॅ. दोन टायरांवर विभागल्यास प्रत्येकी २,९७५ किग्रॅ. होतात. येथे १४४ निर्देशांकाचा टायर अपुरा पडतो आणि १४६ चा कसाबसा पुरतो. रस्ता मध्ये उंच व कडांना उतरता असल्याने, तसेच ऊस एका अंगाला कलल्याने, एका चाकावर याहून अधिक भार येणे नित्याचेच आहे. अशा वेळी मोठ्या आकाराचा टायर, जोडचाके किंवा दुसरा आस हे उपाय आहेत. हलक्या टायरात हवा अधिक भरणे हा उपाय नव्हे.

ट्रॅक्टराकडील हिशेब अधिक फसवा असतो. ओढदांडा मागील आसाच्या मागे जोडलेला असल्यामुळे तेथील भार तरफेप्रमाणे पुढची चाके उचलू पाहतो. आसांतील अंतर २ मी. व जोडाचे मागील आसापासूनचे अंतर ०.८ मी. धरल्यास वरील १,०५० किग्रॅ. भाराने पुढील आसावरील ४२० किग्रॅ. कमी होतात आणि मागील आसावर १,४७० किग्रॅ. वाढतात. दोन टन वजनाच्या ट्रॅक्टराच्या मागील आसावर मुळात १,२५० किग्रॅ. असतील, तर आता २,७२० किग्रॅ., म्हणजे प्रत्येक टायरावर १,३६० किग्रॅ. होतात. पुढच्या दोन चाकांवर मिळून केवळ ३३० किग्रॅ. उरतात व सुकाणू हलके पडते. कुंभोज, आळते भागांतील टेकड्यांच्या चढावर ही स्थिती आणखी बिघडते. पुढील टायर गुळगुळीत असल्यास वाहन वळत नाही, सरळ घसरते. म्हणून मागील टायरांवर खर्च करून पुढे जुनेच चालवून घेणे चुकीचे आहे. मागील टायरात पाणी भरण्याने रानातील पकड वाढते, परंतु पुढची चाके त्याने जड होत नाहीत; त्यासाठी पुढे लोखंडी वजने लावावी लागतात. पिकअप जातीच्या मोटारीने ट्रेलर ओढतानाही तरफेचे हेच तत्त्व लागू पडते.

नक्षी व बांधणी : ट्रॅक्टराच्या मागील टायराचे तिरपे उंच गुटके मऊ रानासाठी असतात. डांबरावर त्यांचा थोडाच भाग टेकतो व ते लवकर झिजतात. ज्याचा ट्रॅक्टर वर्षातील बराच काळ सडकेवरच असतो, त्याने रुंद व कमी उंचीच्या गुटक्यांचा टायर घेणे हिताचे. आडव्या थरांच्या टायराची बाजू जाड असते व ती बुडख्यांचे वार सोसते. रेडियल टायर कमी तापतो, अधिक क्षेत्रावर टेकतो व अधिक काळ टिकतो. मात्र त्याची बाजू पातळ असते. दोन्ही प्रकार एका आसावर मिसळू नयेत. चारही चाकांना चालना असलेल्या ट्रॅक्टरात पुढील चाके मागील चाकांपेक्षा किंचित (सामान्यतः १ ते ५ टक्के) अधिक वेगाने फिरतील अशी दंतचक्रांची योजना असते. अशा ट्रॅक्टराचे केवळ पुढचे किंवा केवळ मागचे टायर वेगळ्या घेराचे बसविल्यास हे प्रमाण मोडते व चालन यंत्रणेवर ताण येतो.

रानाचीही बाजू आहे. १०० पौंड दाबाचा अरुंद टायर ओल्या रानात खोल चाकोरी पाडतो, माती दाबतो व उसाची खोडे चिरडतो. त्याचा फटका खोडव्याला बसतो. ट्रॅक्टराच्या मागील टायरात सामान्यतः १२ ते २४ पौंड दाब असल्याने त्याने होणारी हानी त्या मानाने कमी असते. रुंद टायराने ट्रॉलीचाही दाब उतरविता येतो, पण त्याची किंमत ट्रॉलीमालक देतो आणि लाभ शेतमालकाला होतो. त्यामुळे असे टायर क्वचितच बसविले जातात.

ट्रॉलीला मालमोटारीचे उतरविलेले किंवा पुन्हा नक्षी चढविलेले (रिमोल्ड) टायर बसविण्याची प्रथा सर्वत्र आहे. चांगल्या सांगाड्यावर नीट चढविलेली नक्षी हे निंद्य नव्हे. दोष सांगाडा न तपासण्यात आहे. टायराच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात, उदा., २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बैल घेताना दात मोजणारा शेतकरी टायर घेताना हे चार अंक मात्र वाचत नाही. हंगामानंतर सहा-सात महिने उन्हात उभ्या राहणाऱ्या ट्रॉलीचे टायर न चालताही म्हातारे होतात. बाजूवरील बारीक भेगा, आतील फुगवटा, कडेची उघडी तार यांपैकी काहीही आढळल्यास नक्षी शाबूत असली तरी टायर टाकून द्यावा. मालमोटारींच्या टायरांसाठी १.६ मिमी. ही नक्षीची किमान खोली नियमाने ठरलेली आहे. ती शेवटची मर्यादा आहे, बदलण्याचा सोयीचा मुहूर्त नव्हे.

नव्या टायरात जुनी ट्यूब घालू नये. ती ताणलेली असते व तिला घडी पडते. सुट्या कड्याच्या रिमवर टायर चढवून हवा भरताना कडे नीट न बसल्यास ते प्रचंड जोराने उडते. असे टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने व बाजूला उभे राहूनच भरावेत. हवा टायर थंड असताना मोजावी.

अधिक निर्देशांकाचा टायर घेतल्याने ट्रॉलीचा आस, सांगाडा, जोडाची पिन वा ब्रेक यांची ताकद वाढत नाही, आणि नोंदणीपत्रातील वजनमर्यादाही वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. उतारावर ब्रेक नसलेली ट्रॉली ट्रॅक्टराला मागून ढकलते, आणि त्या क्षणी ट्रॅक्टराची चाकेच दोन्ही वाहनांना थोपवीत असतात. रात्रीच्या खेपेत महामार्गावर टायर फुटून ट्रॉली आडवी झाली, तर मागून वेगाने येणाऱ्या वाहनातील माणसांचा जीवही धोक्यात येतो. भार मर्यादेत ठेवून त्यावर टायर निवडणे हा क्रम आहे. बळकट टायर पाहून भार ठरविल्यास तो उलटा होतो.