फ्लॅश पॉइंट चाचणी आणि कबनूरची उंची

ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ज्योत दाखविताच क्षणभर पेट घेते, त्यास त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अन्वये २३ अंश सेल्सिअसखालील द्रव 'अ', ६५ अंशांखालील 'ब' व ९३ अंशांखालील 'क' वर्गात मोडतो. साठवणुकीच्या अटी या वर्गानुसार बदलतात. ही चाचणी आबेलसारख्या बंद पात्राच्या उपकरणानेच करावी. उघड्या पात्रातून वाफ निसटते व आकडा फसवा, म्हणजे जास्त येतो.

एक बाब मात्र सहसा दुर्लक्षित राहते. मिळालेला आकडा १०१.३ किलोपास्कल या प्रमाण दाबास आणताना दाबातील दर किलोपास्कल घटीमागे पाव अंश मिळविला जातो. कबनूर-इचलकरंजी परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असून येथील हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास भरतो. म्हणजेच प्रमाणपत्रावर ३५ अंश नोंदलेले रॉकेल येथे साधारण साडेतेहतीस अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ देते. एप्रिल-मेमधील दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते. यंत्रमागाचे सुटे भाग रॉकेलने धुवायचे असल्यास ते सकाळीच, कापसाचा तूस व विजेचे स्विच यांपासून दूर, मोकळ्या हवेत धुवावेत.