जुनी टर्बो डिझेल थंडीत चालू होत नाही? आधी हे बघा

आळेफाट्याला पहाटेच्या थंडीत स्टार्टर नुसता कोकलतो, गाडी काही पकडत नाही. जुनी टर्बो गाडी ठेवणाऱ्यांना हे नवं नाही. २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून आलेल्या पहिल्या स्कॉर्पिओतही २.६ लिटरचं टर्बो डिझेल होतं. तेव्हाच्या बऱ्याच गाड्या आपल्याकडे अजून पळतात.

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेचं तापमान ५०० अंशांच्या वर गेलं की डिझेल पेटतं. म्हणून दोष शोधायचा तो या क्रमाने:

१. बॅटरी. स्टार्टर हळू फिरला तर हवा पुरेशी तापत नाही.

२. ग्लो प्लग (असतील तर). पांढरा धूर आणि डिझेलचा वास आला, तर आधी त्यांचा फ्यूज, रिले तपासा.

३. धूरच नाही? मग डिझेल पोचत नाही. फिल्टरमधलं पाणी काढा. हातपंप मारून, एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. सीआरडीआय गाडीत हाय प्रेशर पाइप मात्र सोडू नका, धार कातडीत घुसते.

४. गाडी चालू होते, पण माळशेज घाट चढताना काळा धूर, ताकद नाही? एअर फिल्टर आणि टर्बोचा रबरी होज बघा. होज फाटला की फुसफुस ऐकू येते.

घाट चढून आल्यावर मिनिटभर गाडी आयडलवर ठेवा, मगच चावी फिरवून बंद करा. आणि डिझेल पंप खोलायची घाई नको, आधी फिल्टर!